पाऊस, पाट आणि प्रारब्ध

अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनच्या अधिकृत नावाने अहिल्यानगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्याच्या चौदा तालुक्यांत निसर्गाने केलेली वाटणी कमालीची विषम आहे. वायव्येच्या अकोले तालुक्यात, कळसूबाईच्या १६४६ मीटर उंच शिखराच्या आसपासच्या घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात, चांगल्या वर्षी चार-चार हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेच ढग सह्याद्रीचा माथा ओलांडून पूर्वेला सरकेपर्यंत रिते होत जातात आणि पारनेर, कर्जत, पाथर्डी या तालुक्यांच्या वाट्याला पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा, पाऊस उरतो. डोंगराच्या आडोशामुळे पावसाला मुकणाऱ्या अशा प्रदेशाला भूगोलात पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. पाटाच्या कडेला बागायतदाराच्या घरात जन्मलेल्या मुलाने त्यासाठी काही पुण्य केल्याचे कोणी पाहिलेले नाही आणि पाथर्डीच्या माळावर जिरायत घरात जन्मलेल्याने काही पाप केल्याचेही कोणी पाहिलेले नाही, तरी दोघांच्या आयुष्याची बरीचशी रेघ पाळण्यातच आखली जाते. असे का, या प्रश्नाला जिल्ह्यात शतकानुशतके मिळत आलेले उत्तर म्हणजे ‘ज्याचं त्याचं नशीब’. ढगांच्या बाबतीत हे उत्तर खरे आहे. परंतु ढगातून पडलेले पाणी कोणत्या शेतात पोहोचले, याविषयी ते कितपत खरे आहे, हे तपासण्यासाठी या जिल्ह्याइतके योग्य ठिकाण शोधूनही सापडणे अवघड आहे.

आयुष्यातील अन्यायाचा उलगडा करण्यासाठी भारतीय परंपरेने जी सर्वांत भक्कम मांडणी केली ती कर्मसिद्धांताची होय. तिच्यानुसार अनेक जन्मांत साठलेले कर्म ते संचित, त्यातील ज्याचे फळ या जन्मात भोगण्यास सुरुवात झाली आहे ते प्रारब्ध, आणि आज जे केले जात आहे ते क्रियमाण. वेदान्ती ग्रंथकारांनी यासाठी बाणाचा दृष्टांत योजला आहे: भात्यातले बाण म्हणजे संचित, धनुष्यातून सुटलेला बाण म्हणजे प्रारब्ध, कारण तो परत घेता येत नाही, आणि हातातला बाण म्हणजे क्रियमाण, जो सोडायचा की नाही हे अजून माणसाच्या अधीन आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर याने जगातील धर्मांनी दुःखाची दिलेली कारणे तपासली तेव्हा त्याला कर्मसिद्धांत हे तर्काच्या दृष्टीने सर्वांत सुसंगत उत्तर वाटले, कारण त्यात विनाकारण असे काही शिल्लकच राहत नाही.

मात्र याच सुसंगतीत एक क्रूर बाजू दडलेली आहे. प्रत्येक दुःखाला भोगणाऱ्याचेच पूर्वकर्म कारण असेल, तर दुःखी माणूस आपोआप आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि सुखी माणसाला आपले सुख ही स्वतःची कमाई वाटू लागते. ही वृत्ती केवळ भारतीय नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेल्विन लर्नर याने केलेल्या प्रयोगांतून आणि १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून दाखवून दिले की, जग मुळात न्यायी आहे हा विश्वास टिकवण्यासाठी माणसे निरपराध पीडितालाही दोष देऊ लागतात, कारण निरपराध माणसावरही घाला पडू शकतो हे मान्य केले की स्वतःच्या सुरक्षिततेची खात्री उरत नाही. ऊसतोड मजुराचे मूल शाळेबाहेर राहिले की ‘त्यांना शिक्षणाची आवडच नाही’ असे जे सहज बोलले जाते, त्यात हीच वृत्ती बोलत असते.

दुःख एकाच्याच वाट्याला का येते, या प्रश्नाला दिलेली तीन अगदी वेगळी उत्तरे जिल्ह्यातील एकट्या नेवासे तालुक्यात, एकमेकांपासून फार दूर नसलेल्या तीन गावांत सापडतात. त्यांतले पहिले प्रवरेच्या काठी नेवाशातच आहे. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरील भाष्य सांगितले असे मानतात तो ‘पैस’ खांब तेथे आजही आहे आणि ज्ञानेश्वरीच्या समाप्तीचे वर्ष शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०, असे सांगितले जाते. संन्यास घेऊन गुरूच्या आज्ञेने पुन्हा संसारात परतलेल्या विठ्ठलपंतांची मुले, म्हणजे ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडे, समाजाने वाळीत टाकली, आईवडिलांनी परंपरेनुसार देहान्त प्रायश्चित्त घेतल्यावरही चार भावंडांना शुद्धीसाठी दारोदार फिरावे लागले. मुलांचा अपराध काहीच नव्हता. त्यांच्या जन्माची घटना हाच अपराध ठरवण्यात आला होता. अशा मुलाने ग्रंथाच्या शेवटी जे मागणे मागितले त्यात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्यातील दुष्टपणा जावा एवढेच मागितले, आणि सुख मागताना कोण पात्र, कोण अपात्र ही चाळणी लावली नाही. ज्याला विनाअपराध शिक्षा मिळाली त्याने इतरांच्या वाट्याचा हिशेब त्यांच्या पूर्वकर्मावरून मांडू नये, ही गोष्ट तत्त्वज्ञानाच्या कित्येक ग्रंथांपेक्षा वजनदार आहे.

दुसरे गाव शनिशिंगणापूर. उघड्या चौथऱ्यावरील काळी शिळा, तिच्यावर वाहिले जाणारे तेल आणि घरांना दारे-कुलपे न लावण्याची गावाची परंपरा यांमुळे हे ठिकाण देशभर प्रसिद्ध झाले आहे. शनीची भीती ज्या साडेसातीमुळे वाटते तिचे गणित सोपे आहे. शनी ग्रहाला सूर्याभोवती एक प्रदक्षिणा पूर्ण करण्यास सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणून बारा राशींपैकी प्रत्येकीत तो साधारण अडीच वर्षे असतो. जन्मराशीच्या मागची, ती स्वतः आणि पुढची अशा तीन राशी ओलांडेपर्यंत साडेसात वर्षे जातात. ग्रहांचा माणसाच्या सुखदुःखाशी असा संबंध असल्याचे कोणत्याही शास्त्रीय परीक्षणात सिद्ध झालेले नाही. तरीही या कल्पनेच्या पोटात एक न्यायबुद्धी आहे, आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. कोणत्याही क्षणी बारांपैकी तीन राशींना, म्हणजे चौथाई लोकांना, साडेसाती चालू असते. ती राजाला चुकत नाही आणि भिकाऱ्याच्या घरी कायमची राहत नाही. शनिमाहात्म्यातला विक्रम राजा चोरीच्या खोट्या आळामुळे हातपाय गमावून तेल्याच्या घाण्यावर बसतो, आणि अखेरीस शनी प्रसन्न झाल्यावर, आपल्याला जशी पीडा दिली तशी कोणालाही देऊ नये, एवढाच वर मागतो. लोकांच्या मनातले दैव हे असे पाळीपाळीने फिरणारे आहे. याच्याशी ताडून पाहिले तर पाथर्डी-कर्जतच्या माळावरचे दैन्य दैवाच्या व्याख्येतही बसत नाही, कारण ते साडेसात वर्षांनी पुढच्या राशीला जात नाही. जे दुःख त्याच त्या उंबऱ्यावर आजा, बाप आणि नातू अशा तीन पिढ्या मुक्काम करते, त्याचे कारण माणसांनी लावलेल्या व्यवस्थेत शोधावे लागते.

तसा शोध घेणारे तिसरे गाव तरवडी. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ या नाटकात गरोदर कुणबी स्त्रीला ग्रहपीडेचे भय घालून नागवणारा जोशी रंगवला होता. त्याच सत्यशोधक परंपरेतील मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये ‘दीनमित्र’ सुरू केले आणि तरवडीसारख्या खेड्यातून अनेक दशके चालवले. शहराबाहेर, कुणब्यांच्या वस्तीत छापखाना घालून वृत्तपत्र काढणे हे त्या काळी धाडसच होते. ज्याला शेतकरी नशीब म्हणतो त्यात सावकाराचे व्याज किती, कुलकर्ण्याच्या लेखणीची करामत किती आणि अज्ञान किती, याची फोड करून दाखवणे हे या परंपरेचे काम होते. कर्जाच्या बाबतीत ती फोड जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी त्याआधीच आपल्या हातांनी केली होती. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेला दख्खनचा उठाव नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, कर्जत भागांत पसरला तेव्हा जमावाचा रोख मुख्यतः सावकारांच्या खतांवर होता. कर्जरोखे हिसकावून जाळले गेले, माणसांना सहसा इजा झाली नाही. अमेरिकेतील यादवी संपताच कापसाचे कोसळलेले भाव, वाढवलेला सारा आणि वाचता न येणाऱ्या कागदावर उमटवलेला अंगठा या तिघांनी मिळून जे घडवले त्याला त्या शेतकऱ्यांनी प्रारब्ध म्हणण्याचे नाकारले, आणि १८७९ मध्ये सरकारला दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करावा लागला.

आता पाटाकडे वळावे, कारण या जिल्ह्यात कालव्याला पाट म्हणतात आणि जिल्ह्याचे नशीब विसाव्या शतकात पाटानेच लिहिले. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर इंग्रज सरकारला दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात सिंचनाची निकड पटली आणि त्याच धोरणातून गोदावरीचे पाट निघाले, तसेच प्रवरा नदीवर भंडारदरा येथे १९१० मध्ये सुरू झालेले धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. पाणी उताराने वाहते, म्हणून पाट कोठून जाऊ शकतो हे काही प्रमाणात भूगोल ठरवतो. परंतु धरण कोणाच्या जमिनीवर बांधायचे, लाभक्षेत्राची रेघ कोठे थांबवायची आणि कोणत्या पिकाला किती पाणी द्यायचे, हे कार्यालयातल्या टेबलावर ठरते. अकोल्याच्या डोंगरातील महादेव कोळी आदिवासींच्या जमिनी जलाशयाखाली गेल्या, धरणातले पाणी खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या काळ्या जमिनीत गेले, आणि ज्यांच्या डोक्यावर सर्वाधिक पाऊस पडतो त्यांच्या वाड्यांना उन्हाळ्यात हंड्यासाठी दरी उतरावी लागते. ढगांनी त्यांच्यावर अन्याय केला असे कोण म्हणेल?

पाट आला म्हणजे भाग्य उजळले, असेही सरळ घडले नाही. आरंभीच्या काळात पाटाखालचे कित्येक शेतकरी उसाच्या खर्चाने आणि कोसळत्या गुळाच्या भावाने कर्जात बुडाले आणि त्यांच्या जमिनी खंडाने खासगी साखर कंपन्यांकडे गेल्या. या परिस्थितीतून विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभारला, ज्याचे गाळप १९५० च्या सुमारास सुरू झाले. प्रवरानगरच्या या उदाहरणातून हे स्पष्ट होते की जमिनीशेजारून वाहणारे पाणीदेखील संघटना नसेल तर दुसऱ्याच्या भाग्याला खतपाणी घालते.

पाटाच्या व्यवहारात ‘आवर्तन’ हा शब्द सर्वतोमुखी आहे. धरणातून ठरावीक दिवसांसाठी पाणी सुटणे, शेतकऱ्याने सात नंबरचा अर्ज भरून मागणी नोंदवणे आणि आपली पाळी आली की रात्री-अपरात्री दारे धरण्यास जाणे, ही आवर्तनाची रीत. कागदावर ही पाळी साडेसातीसारखीच सर्वांना सारखी फिरायला हवी. प्रत्यक्षात मुखाजवळचा शेतकरी आधी भिजवून घेतो आणि चारीच्या शेवटी असलेल्या, ज्याला सगळे ‘टेलचा’ म्हणतात त्या शेतकऱ्यापर्यंत पाणी येईतो आवर्तन संपलेले असते. म्हणूनच आधी टेलचे भिजवावे आणि मग मुखाकडे यावे, हा नियम शेतकऱ्यांच्या संघटना वर्षानुवर्षे मागत आल्या आहेत.

या वाट पाहण्याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे निळवंडे. भंडारदऱ्याच्या खाली प्रवरेवरच बांधायच्या या धरणाची योजना १९७० मध्ये मंजूर झाली तेव्हा तिचा खर्च आठ कोटींच्या आत होता. तिच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले तेव्हा तो पाच हजार कोटींवर गेला होता. योजना मंजूर झाली त्या वर्षी जो शेतकरी वीस वर्षांचा होता तो पाणी आले तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा झालेला होता, अर्थात तोवर तो हयात असल्यास. त्याने मधल्या काळात जिरायतीवर मुले वाढवली, मुलींची लग्ने उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या मजुरीच्या, पैशावर केली, कदाचित जमीन विकली, आणि शेजारच्या जुन्या पाटाखालच्या गावातील समवयस्काशी स्वतःची तुलना करून नशिबाला बोल लावला. त्या त्रेपन्न वर्षांत पावसाने आपले वागणे बदललेले नव्हते. उशीर झाला तो निधीचा, पुनर्वसनाचा, कालव्याच्या मार्गावरील वादांचा आणि इच्छाशक्तीचा.

राजकीय तत्त्वज्ञ जॉन रॉल्स याने १९७१ च्या आपल्या ग्रंथात जो भेद केला तो येथे फार उपयोगी पडतो. कोण कोठे, कोणत्या घरात, कोणत्या गुणांसह जन्मतो ही नैसर्गिक वाटणी न्याय्यही नसते आणि अन्याय्यही नसते, ती नुसती वस्तुस्थिती असते. न्याय-अन्यायाचा प्रश्न समाजाच्या संस्था त्या वस्तुस्थितीशी कसे वागतात तेथे सुरू होतो, असे त्याचे म्हणणे आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने हाच धडा वेगळ्या मार्गाने गिरवला. उपाशी माणसाला भिक्षा देण्याऐवजी मागेल त्याला काम देण्याची कल्पना वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजनेत उतरली आणि १९७७ च्या कायद्याने तो हक्क झाला. पाऊस न पडणे हे दैव राहिले. त्यामुळे उपाशी मरणे हे मात्र सरकारचे अपयश ठरले.

आदर्श गाव म्हणून नाव झालेल्या नगर तालुक्यातील हिवरे बाजारने गावपातळीवर असेच काही केले. १९८९ पासून पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने डोंगरावर चर खणले, बांध घातले, चराईबंदी केली, शेतीसाठी कूपनलिका घेण्यास मनाई केली आणि उसासारखे पाणीखाऊ पीक हद्दपार केले. दरवर्षी पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो आणि त्यावरून पिके ठरतात. ढग तेच, माळ तोच, पण स्थलांतर केलेली कुटुंबे परत आली. हे यश निर्विवाद आहे, पण ते सांगताना एक काळजी घ्यायला हवी. ‘हिवरे बाजारला जमले, मग तुम्हाला का नाही?’ असा प्रश्न जेव्हा पाथर्डीच्या एखाद्या तांड्याला विचारला जातो, तेव्हा पूर्वजन्माच्या जागी ‘आळस’ हा शब्द घालून दुःखी माणसाला पुन्हा आरोपी केले जाते. सलग पाणलोट, एकसंध ग्रामसभा, टिकून राहिलेले नेतृत्व आणि मिळालेला निधी हेही सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाहीत.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून, तसेच शेजारच्या बीडमधून, दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास जी कुटुंबे ऊसतोडीला निघतात त्यांच्याकडे नीट पाहिले की वाटणीचा हा सगळा इतिहास एका ठिकाणी दिसतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, मुकादम हंगामाआधी उचल देतो, ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही, आणि एक दिवस आजारपणाने खाडा पडला तर पैसे कापले जातात. पाचटाच्या कोपीत राहून पहाटे फडात उतरणाऱ्या या बायकांपैकी कित्येकींनी खाड्याच्या आणि दुखण्याच्या भीतीने कमी वयात गर्भाशय काढून टाकल्याचे बीड जिल्ह्यात उघड झाले, आणि २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कोणाच्या तरी पाटाच्या पाण्यावर वाढलेला ऊस पाणी न मिळालेल्या गावची माणसे तोडतात, आणि हे त्याच एका जिल्ह्यात घडते. फडात राबणाऱ्या बाईला तिचे प्रारब्ध समजावून सांगणारे पुष्कळ भेटतात. उचलीचा हिशेब समजावून सांगणारा क्वचितच भेटतो.

याचा अर्थ दैव नावाची गोष्टच नाही असा होत नाही. जिल्ह्याला जिचे नाव दिले गेले त्या अहिल्याबाईंचा जन्म १७२५ मध्ये जामखेड तालुक्यातील चौंडीचा. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव मारले गेले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव गेला, आणि उतारवयात जावई वारल्यावर मुलगी मुक्ता डोळ्यांदेखत सती गेली. या दुःखांची वाटणी कोणताही कायदा करू शकला नसता. अपत्याचा मृत्यू, असाध्य रोग, क्षणात झालेला अपघात यांच्यासमोर माणूस जेव्हा प्रारब्ध हा शब्द उच्चारतो तेव्हा तो स्वतःला दोष देणे थांबवू पाहत असतो, आणि तेथे तो शब्द हिरावून घेणे हा निर्दयपणा होईल. हाच शब्द दुसऱ्याच्या दुःखाला लावला की त्याचा अर्थ बदलतो. अहिल्याबाईंनी आपल्या वाट्याचे सोसले, पण विहिरी, बारवा आणि घाट बांधताना तहानलेल्याचे पूर्वसंचित विचारले नाही.

नगरच्या भाग्यवान पट्ट्याला आपले भाग्य भाग्यच आहे याची जाणीव कायद्याने करून दिली ती या शतकात. गोदावरीवर पैठणला बांधलेल्या जायकवाडी धरणात नेवासे आणि शेवगाव तालुक्यांतील गावे बुडाली होती, आणि वरच्या बाजूला नाशिक-नगरमध्ये धरणे वाढत गेल्याने मराठवाड्याचा हा जलाशय वारंवार रिता राहू लागला. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्याने समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व आणले, म्हणजे एका खोऱ्यातील तूट वरच्या आणि खालच्या धरणांनी मिळून सोसावी असा नियम केला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ठरावीक टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर वरून सोडायचे, या व्यवस्थेला नगर-नाशिककडून आव्हान दिले गेले आणि २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. टंचाईच्या वर्षी प्रवरा-मुळेतून पाणी सोडण्याची वेळ आली की राहाता-राहुरीत आंदोलने होतात, आणि आंदोलकांची हलाखी खोटी नसते. उभे पीक वाळताना पाहणाऱ्याला खोऱ्याची सरासरी सांगून समाधान होत नाही. तरीही वरच्या धरणातले पाणी हे वरच्यांचे नशीब, हा समज एकदा मोडला ही मोठी गोष्ट झाली.

मात्र ही वाटणी धरणा-धरणांतली आहे, आणि धरणाखाली ज्याची जमीन त्याचाच पाण्यावर हक्क, हे गृहीतक तिने तसेच ठेवले. शेजारच्या पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील नायगावात, १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीने ते गृहीतकच बदलून पाहिले होते: पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर न ठरवता घरातील माणसांवर ठरवायचा, भूमिहीनालाही तो द्यायचा आणि सामाईक पाण्यावर ऊस घ्यायचा नाही. या कल्पनेचा गौरव पुष्कळ झाला, तिच्यावर पुस्तके निघाली, अभ्यासक येऊन पाहून गेले; परंतु मोठ्या धरणांच्या लाभक्षेत्रात ती कधी लागू झाली नाही, आणि पाथर्डीच्या भूमिहीन ऊसतोड मजुराला सिंचनाच्या वाटपात आजही कोठे वाटा नाही.